एथेनॉलचा टँकर आणि आपलं हवामान

गाळप हंगामात कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांच्या बरोबरीने टँकरही दिसतात. डिस्टिलरीतलं एथेनॉल तेल कंपन्यांच्या डेपोत जातं आणि तिथे ते पेट्रोलमध्ये मिसळतात. हे टँकर कसे भरायचे, कसे चालवायचे याचे नियम अनेकांना कटकटीचे वाटतात. मात्र त्यांच्यामागचं रसायनशास्त्र समजलं की एकही नियम गाळावासा वाटत नाही.

‘अल्कोहोल पेट्रोलपेक्षा सौम्य’ हा समज उघड्यावर सांडलेल्या द्रवापुरता बराचसा खरा आहे. बंद टाकीत मात्र चित्र उलटतं. वाफ पेटायला हवेशी तिचं ठरावीक प्रमाण जुळावं लागतं. पेट्रोलसाठी ते साधारण १.४ ते ७.६ टक्के आहे. पेट्रोल इतकं उडतं, की टाकीतल्या मोकळ्या जागेत वाफ या मर्यादेच्या फार वर जाते. पेटायला पुरेशी हवाच उरत नाही. एथेनॉलची मर्यादा सुमारे ३.३ ते १९ टक्के. बंद टाकीत २० अंश सेल्सिअसला त्याची वाफ साडेपाच टक्क्यांच्या पुढे असते आणि ४० अंशांना जवळपास १८ टक्के. म्हणजे साधारण १३ ते ४१ अंशांपर्यंत टाकीतलं मिश्रण ठिणगीची वाट पाहत असतं. महाराष्ट्रातला जवळजवळ सगळा वर्षभराचा पारा याच पट्ट्यात फिरतो!

टँकर रिकामा झाला की धोका संपला, असं समजणं तर फारच घातक. २० हजार लिटरच्या टाकीत तळाशी दोन लिटर एथेनॉल राहिलं आणि त्याची वाफ झाली, तरी ज्वलनशील मिश्रण तयार होतं. म्हणून टाकी नीट धुऊन, वाफ मोजून खात्री केल्याशिवाय तिच्यावर वेल्डिंग करूच नये.

भरताना टँकर आधी अर्थिंगच्या तारेने जोडतात, कारण रबरी टायरांवर उभ्या गाडीवर साचलेला विद्युतभार जमिनीत उतरायला दुसरी वाट नसते. नळी तळापर्यंत नेतात, म्हणजे द्रव वरून आदळून तुषार उडत नाहीत. टाकी काठोकाठ भरत नाहीत. एथेनॉल तापलं की पाण्याच्या पाचपट फुगतं: पहाटे भरलेले २० हजार लिटर दुपारी २० अंशांनी तापले, तर सुमारे ४४० लिटरची वाढ होते. तेवढ्याला जागा हवीच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार धोकादायक माल नेणाऱ्या गाडीला स्पार्क अरेस्टर (धुराड्यातून ठिणग्या बाहेर पडू न देणारं साधन) लागतो आणि चालकाला तीन दिवसांचं खास प्रशिक्षण. गाडीवर तीन ठिकाणी माहितीफलक रंगवलेला असतो. त्यावर मालाचा यूएन क्रमांक, म्हणजे धोकादायक मालाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो: एथेनॉलचा ११७०, पेट्रोलचा १२०३. अपघातानंतर पोहोचणाऱ्या अग्निशमन दलासाठी हे चार आकडे फार मोलाचे, कारण दोन्ही आगी वेगळ्या पद्धतीने विझवाव्या लागतात. पेट्रोलवर चालणारा साधा फेस एथेनॉलवर टिकत नाही. अल्कोहोल त्यातलं पाणी शोषून घेतं आणि फेस बसतो. इथे अल्कोहोलला टिकणारा खास फेसच हवा. शिवाय एथेनॉलची ज्योत निळसर असते, भर उन्हात ती जवळजवळ दिसत नाही.

पाणी मारून ते पातळ करता येतं, पण पाणी भरपूर लागतं. पाण्यात २० टक्के एथेनॉल उरलं तरी ते ३६ अंशांना पेट घेऊ शकतं, आणि विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी पारा त्याच्या पुढे असतो. एथेनॉलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती उताराने, गटारांतून लांबवर पसरते. म्हणून उलटलेल्या टँकरजवळ बादल्या घेऊन धावू नये. विडी-सिगारेट विझवावी, गाड्या सुरू करू नयेत, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला दूर जावं आणि ११२ ला फोन करून फलकावरचा क्रमांक सांगावा. तो लांबूनच वाचावा, त्यासाठी जवळ जाऊ नये.