ब्रेन ट्यूमरवर लेझरचा उपचार सांगितलाय? नाशिकमधून मदतीचा अर्ज असा करा

मामांच्या वेळी मी स्वतः फाईल घेऊन फिरलोय, म्हणून आधीच सांगतो, सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे हॉस्पिटलचं इस्टिमेट, म्हणजे खर्चाचा लेखी अंदाज.

हा उपचार म्हणजे कवटीला बारीक छिद्र पाडून लेझरची फायबर गाठीपर्यंत नेतात आणि गाठ आतूनच तापवून मारतात. एमआरआय चालू असतो, त्यावर दर काही सेकंदांनी तापमान दिसतं आणि ठरवलेल्या मर्यादेपुढे गेलं की लेझर बंद होतो, त्यामुळे शेजारचा चांगला भाग वाचवता येतो. गाठ खोल असेल, लहान असेल (साधारण ३ सेंमीपर्यंत), किंवा रेडिएशननंतर परत आली असेल तर डॉक्टर याचा विचार करतात. पेसमेकर असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, कारण सगळं काम एमआरआयमध्ये चालतं.

आता पैशाचं. आधी महात्मा फुले जनआरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) भेटा आणि सरळ विचारा की हा लेझर कुठल्या पॅकेजमध्ये बसतो, कारण योजनेत ठरलेल्याच प्रोसिजर असतात, "ब्रेन ट्यूमर आहे ना, मग होईल" यावर विसंबू नका. बसत असेल तर प्री-ऑथ (उपचाराआधीची योजनेची परवानगी) मंजूर झाल्यावरच पुढे जा. शंका असेल तर १५५३८८ ला फोन करा.

नाही बसलं तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी. मेंदूचे आजार आणि कॅन्सर दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. अर्ज, पेशंटचं आधार, रेशनकार्ड, एमआरआयचे रिपोर्ट, अ‍ॅडमिट असेल तर पेशंटचा जिओ टॅग फोटो (ज्यात जागेची नोंद असते), तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला (१ लाख ६० हजारांच्या आत) आणि इस्टिमेट. हॉस्पिटल प्रायव्हेट असेल तर इस्टिमेटवर सिव्हिल सर्जनची सही-शिक्का लागतो, त्यासाठी आपल्याला त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला जावं लागतं. आमच्या इस्टिमेटवर नुसतं "सर्जरी" लिहिलेलं होतं, आजाराचं नाव नाही, खर्चाची फोड नाही, ते परत आलं आणि चार दिवस गेले, मामी तेवढे दिवस धड जेवली नाही. म्हणून काउंटरवरच वाचून घ्या. हॉस्पिटल मुख्यमंत्री निधीच्या सिस्टीममध्ये नोंदलेलं आहे का तेही तिथेच विचारा. अर्जासाठी आता मुंबईला जायची गरज नाही, कलेक्टर ऑफिसमध्ये कक्ष आहे.

उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा अहवाल लागतो, निफाड, सिन्नर, येवल्याकडच्यांनी तो आजच सांगून ठेवा.

हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर तिथे १० टक्के बेड १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मोफत आणि १० टक्के बेड ३ लाख ६० हजारांपर्यंतवाल्यांना सवलतीत द्यावे लागतात, सोशल वर्करला भेटून मागा, आपणहून कोणी सांगेलच असं नाही.

आणि ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी अर्ज टाका, आधीच झालेल्या बिलाचे पैसे मुख्यमंत्री निधीतून परत मिळत नाहीत.