खेड्यातले युनिएट चर्च कधीपासूनचे?

पोलंड-युक्रेन सीमेजवळच्या खेड्यातले जुने लाकडी चर्च युनिएट, म्हणजे पूर्वेकडची उपासना जपत रोमच्या पोपशी जोडलेले, कधी झाले, असे विचारले की झटकन 1596 हे उत्तर मिळते. त्या वर्षी ब्रेस्त येथे पोलंड-लिथुएनियाच्या राज्यातल्या बहुतेक ऑर्थोडॉक्स बिशपांनी पोपचे श्रेष्ठत्व मान्य केले. उपासना पूर्वीसारखी स्लाव्ह भाषेत राहिली, पाद्र्यांना संसार करायची मुभाही टिकली. (रोमशी जोडलेली, पण पूर्वेकडची उपासना जपणारी चर्चे आपल्याकडेही आहेत. सिरो-मलबार त्यांपैकीच, कल्याणला 1988 पासून त्यांचा धर्मप्रांत आहे. इतिहास मात्र अगदी वेगळा.)

गावापुरते हे उत्तर बऱ्याचदा चुकते. ल्विव आणि प्शेमिशलच्या बिशपांनी तेव्हा साफ नकार दिला होता. प्शेमिशलचा धर्मप्रांत 1691 मध्ये रोमकडे वळला, ल्विवचा 1700 मध्ये. शिवाय इमारत या सगळ्याच्या आधीची असू शकते. सीमेजवळच्या राद्रुझ गावातले संत पारास्केवाचे चर्च 16 व्या शतकाच्या उत्तरार्धातले, म्हणजे मुळात ऑर्थोडॉक्स. बिशपाने बाजू बदलली तरी गावकऱ्यांची प्रार्थना तीच, पाद्रीही बहुधा तोच.

म्हणून मला जमीनदाराचे दानपत्र जास्त बोलके वाटते. चर्चला किती जमीन, जंगलातून लाकूड घ्यायचा हक्क आहे की नाही, पाद्र्याला वेठबिगारीतून सूट आहे का, हे त्यात ठरे. पाद्री सुचवण्याचा अधिकारही जमीनदाराचाच, आणि तो स्वतः अनेकदा रोमन कॅथलिक असे. पाद्री स्वतः नांगर धरी, मुलाला घरीच उपासना शिकवी आणि पुढे ती जागा त्यालाच मिळावी म्हणून धडपडे. आपल्याकडच्या वतनासारखाच हा मामला.

1720 मध्ये झामोश्च येथे भरलेल्या युनिएट धर्मसभेनंतर शिस्त आली. बिशपांचे तपासनीस गावोगाव फिरून छपराची अवस्था, ग्रंथ, भांडी, जमीन, कुटुंबे यांची नोंद करू लागले. गावातल्या चर्चचा पहिला सविस्तर वृत्तान्त बऱ्याचदा याच दप्तरात सापडतो.

पोलंडच्या फाळणीत 1772 मध्ये ल्विव-प्शेमिशलचा हा प्रदेश, म्हणजे गॅलिशिया, ऑस्ट्रियाकडे गेला. मारिया थेरेसाने 1774 मध्ये ‘ग्रीक कॅथलिक’ हे नाव रूढ केले. 1783 मध्ये ल्विवला पाद्री घडवणारी सेमिनरी निघाली आणि खेड्यात शिकलेले पाद्री येऊ लागले. फाळण्यांमुळे रशियाकडे गेलेल्या गावांचे नशीब वेगळे. तिथे 1839 मध्ये, आणि खेल्म भागात 1875 मध्ये, युनिएट पॅरिश (गावोगावची चर्चमंडळे) सरकारी बळावर पुन्हा ऑर्थोडॉक्स करण्यात आले.