पण लक्षात कोण घेतो : आशय आणि निवेदन

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची सामाजिक कादंबरी. आपट्यांनीच काढलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात ती १८९० पासून क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. पुण्याच्या ब्राह्मण घरातली यमू आपली हकीकत स्वतः सांगते : माहेर, बालपणीच झालेले लग्न, सासरचा जाच, शिकलेल्या नवऱ्याबरोबर मुंबईतले बिऱ्हाड, त्याचा अकाली मृत्यू, पुन्हा पुणे आणि केशवपन.

‘विधवांच्या हालांची कादंबरी’ ही तिची नेहमीची ओळख अपुरी आहे. वैधव्य कथेत फार उशिरा येते. त्याआधी कितीतरी पाने आपटे घरातली सत्ता दाखवतात : वडिलांचा धाक, त्या धाकाखाली मुकाट झिजणारी आई, मैत्रीण दुर्गीच्या संसाराची परवड. हे सोसणे सगळ्यांनाच इतके रोजचे झालेले असते, की त्याला कोणी अन्याय म्हणतच नाही.

कादंबरीचे खरे बळ निवेदनात आहे. लहान यमूला जे कळत नाही, ते वाचकाला कळते, आणि तिची निरागस बडबड म्हणूनच जिव्हारी लागते. कादंबरी चालू असतानाच संमतिवयाचा कायदा (१८९१) झाला. शरीरसंबंधासाठी मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षांवर गेले. या कायद्यावरून पेटलेल्या वादात सभा गाजवणारे बहुतेक पुरुषच होते. लेखक इथेही पुरुषच. पण त्याने बाजू मांडायचे सोडून मुलीला बोलू दिले, आणि मराठी कादंबरीत हे पाऊल फार मोठे होते.

मुंबईचा भाग अनेकजण घाईने ओलांडतात. तसे करू नये. तिथे यमू वाचते, नवऱ्याशी मोकळेपणाने बोलते, चार माणसांत वावरते. तो मेल्यावर तिचे हे नुकते उमलू लागलेले माणूसपणही हिरावले जाते. केशवपनाचा प्रसंग असह्य होतो तो त्यामुळे.

खलपुरुष शंकरमामंजी मात्र एकरंगी उतरले आहेत. यमूचे वडील त्यांच्याहून कितीतरी खरे वाटतात. साप्ताहिकाच्या गरजेने आलेला पाल्हाळही जाणवतो. शिवाय कादंबरीचे जग पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा ब्राह्मण घरांपुरतेच आहे. त्या घरांबाहेरच्या कष्टकरी बायांचे जगणे तिच्या कक्षेत येत नाही.