रविवारचा बाजार: जमैकातल्या गुलामांच्या समाजजीवनाची पार्श्वभूमी

मळेवाल्यांचा हिशेब रोकडा होता. गुलाम विकत घेतला की त्याला खायला घालणं आलं. उसाच्या काळ्याभोर जमिनीत धान्य लावायला जीव धजत नाही, आणि जहाजानं मागवायचं तर पैसे पडतात. मग जमैकात तोड निघाली: डोंगरउतारावरची, उसाच्या कामाची नसलेली जमीन गुलामांना लावून द्यायची आणि तुमचं पोट तुम्हीच भरा म्हणायचं. मालकाकडून यायचे ते खारवलेले मासे आणि वर्षाकाठी जाडंभरडं कापड. गुलामांचं जे काही समाजजीवन पुढे उभं राहिलं, त्यातला मोठा भाग मालकांच्या या चिक्कूपणातून उगवला.

हे बेट इंग्रजांनी स्पेनकडून घेतलं १६५५ मध्ये. पुढच्या शतकात ते साम्राज्याचं साखरेचं कोठार झालं आणि गोऱ्यांच्या मानानं गुलामांची संख्या दहापटीच्या घरात गेली. माणसांच्या टोळ्या केलेल्या असत. पहिल्या टोळीत धडधाकट माणसं, त्यांत बायका भरपूर. शेवटच्या टोळीत गवत काढणारी लहान पोरं. टोळीवरचा मुकादम स्वतःही गुलामच, फक्त चाबूक त्याच्या हातात. तोडणीच्या हंगामात चरक रात्रंदिवस चालायचा. झोपेत हात चरकात गेला तर तो तोडता यावा म्हणून जवळ कोयता ठेवलेला असे.

डोंगरातल्या त्या तुकड्यांसाठी मिळायचा रविवार, आणि हंगाम नसेल तेव्हा एकाआड एक शनिवार. मळ्यापासून कित्येक मैल चालत जायचं, रताळी, कंद, अळकुड्या, केळी लावायची. घरामागं कोंबड्या आणि डुक्कर. खाऊन उरलेलं डोक्यावर घेऊन रविवारच्या बाजारात. किंग्स्टनच्या बाजारात शहरातले गोरेसुद्धा भाजीपाला, अंडी यांसाठी याच लोकांवर अवलंबून होते. मालकाच्या परवानगीशिवाय मांस, मासे, ऊस विकू नये, असा कायदा १७११ मध्ये झाला होता. कंदमुळांच्या व्यापाराला मात्र कुणी हात लावला नाही, कारण तो बंद केला तर शहर उपाशी राहिलं असतं. एडवर्ड लाँग हा स्वतः मळेवाला, गुलामांबद्दल त्याचे विचार अत्यंत हीन. पण बेटावरच्या नाण्यांपैकी पाचवा हिस्सा गुलामांच्या हाती असल्याचा अंदाज १७७४ मध्ये त्यानंच लिहून ठेवला.

कायद्यानं माणूसच मालमत्ता. मालमत्तेची मालमत्ता कुठली? तरी रिवाज असा पडला की बापानं राखलेला तुकडा मुलांकडे जायचा, आणि शहाणा मालक त्यात पडायचा नाही.

याला सुबत्ता समजू नये. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानं बाहेरचं अन्न तुटलं, त्यात लागोपाठ वादळांनी डोंगरातले मळे झोपवले. १७८० ते १७८७ या काळात भुकेनं आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या रोगराईनं सुमारे १५,००० गुलाम मेल्याचा अंदाज जमैकाच्या विधिमंडळानंच दिला. त्यावर उपाय म्हणून विल्यम ब्लाय या इंग्रज नौदल कप्तानानं १७९३ मध्ये ताहितीहून नीरफणसाची रोपं आणली. कोकणात आवडीनं खाल्लं जाणारं हे फळ तिथे आधी डुकरांपुढं पडलं.

नात्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. मूल आईच्या मालकाचं; बापाची नोंद ठेवण्याची गरज मळ्याला वाटत नसे. नवरा अनेकदा दुसऱ्या मळ्यावर, रात्री चालत येणारा. ज्यांचं कुणीच नव्हतं त्यांनी एक नातं नव्यानं घडवलं: आफ्रिकेहून एकाच जहाजात आलेले ते ‘शिपमेट’. आपल्याकडे गुरुबंधू मानतात तसं, पण इथला गुरू म्हणजे जहाजाचा तळ. शिपमेटची मुलं ती आपली मुलं. नावंही टिकली. मालकाच्या वहीत एखादा सीझर असे, वस्तीत तो जन्मवारानं ओळखला जाई: रविवारचा क्वाशी, सोमवारचा कजो, शुक्रवारची फिबा.

मरण हा तर सगळ्या वस्तीचा सोहळा. रात्रभर ढोल, गाणी, थडग्यावर अन्न आणि रम. जीव आता समुद्रापलीकडे आपल्या देशी गेला ही समजूत. शवपेटी डोक्यावर घेऊन निघालेले लोक एखाद्या दारासमोर अडत. मयताचं देणं बाकी आहे, फेडल्याशिवाय तो पुढं सरकत नाही, असं सांगत. मला या साऱ्या इतिहासातलं हे दृश्य सर्वांत बोलकं वाटतं. ज्यांना कोर्टात उभं राहण्याचा हक्क नव्हता, त्यांची वसुली मयत करत होता.

सत्ताधाऱ्यांना या जमावांची भीती होतीच. १७६० मध्ये टॅकी नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली बंड झालं, ते मोडल्यावर ओबिया म्हणजे मंत्रतंत्र, ढोल आणि रात्रीच्या जमण्यावर बंदी घालणारा कायदा आला. नाताळची सुट्टी तेवढी कुणाला मोडता आली नाही. त्या दिवसांत ‘जॉनकनू’चे मुखवटेधारी डोक्यावर घराची प्रतिकृती मिरवत मालकाच्या ओसरीवर नाचत.

१८३१ चा नाताळ रविवारी आला. बदली सुट्टीवरून आधीच कुरबूर होती. सॅम शार्प हा साक्षर गुलाम, बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीतला पुढारी. मजुरी मिळाल्याशिवाय ऊस तोडायचा नाही, ही त्यानं प्रार्थनासभांतून पसरवलेली शपथ. २७ डिसेंबरला केन्सिंग्टन मळा पेटला आणि सुमारे ६०,००० लोक उठले. ३०० हून अधिक जणांना मृत्युदंड झाला. शार्पला २३ मे १८३२ रोजी फाशी दिलं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. १ ऑगस्ट १८३४ पासून तो लागू झाला तेव्हा जमैकात सुमारे ३ लाख ११ हजार गुलाम होते. भरपाई मालकांना मिळाली आणि ‘उमेदवारी’च्या, म्हणजे अप्रेंटिसशिपच्या, नावाखाली बिनपगारी राबणूक आणखी चार वर्षं चालली.

१८३८ मध्ये खरी सुटका झाली, तर मळेवाल्यांनी त्याच झोपड्यांचं आणि डोंगरातल्या त्याच तुकड्यांचं भाडं मागायला सुरुवात केली. अनेकांनी बाजारातून साठवलेल्या पैशांनी जमिनी घेतल्या, नवी गावं वसवली. मजूर मिळेनात म्हणून १८४५ पासून भारतातून करारबद्ध कामगार आणले गेले. साखरेच्या याच ओढीनं कोकणातली माणसं तिकडे मॉरिशसला पोचली. जमैकात ‘फॅमिली लँड’ नावाचा प्रकार अजून आहे: पूर्वजांची थडगी असलेली, साऱ्या भावकीची, न विकायची जमीन. आणि बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला तिथे आजही गुलामीच्या काळातल्याच ‘हिग्लर’ या नावानं ओळखतात.