पूर ओसरल्यावर चढणारा गंज

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा मोटारसायकल जिन्याखालीच राहिली. आठवडाभर ती पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर चिखल खरवडून बघितलं, तर गाडी कळकट झालेली, पण लोखंड बऱ्यापैकी शाबूत. म्हटलं, वाचली. मेकॅनिककडे ही रांग लागलेली, म्हणून चार दिवस दारातच उभी केली. चौथ्या दिवशी साखळी विटकरी झाली होती आणि नटबोल्टांवर हात फिरवला की भुकटी हाताला लागत होती.

मेकॅनिक म्हणाला, "पाण्यात हुती तवर बरी हुती की. भायेर काढून ठेवलासा, तितंच घोळ झाला."

मी तेव्हा हसलो होतो. पण रसायनशास्त्राच्या हिशेबानं त्याचं म्हणणं चोख होतं.

गंजायला लोखंडाला पाणी लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऑक्सिजनही तितकाच लागतो, हे शाळेत पाठ करून आपण विसरतो. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो आणि ते इलेक्ट्रॉन दुसऱ्या जागी ऑक्सिजन उचलतो. उचलणारा आला नाही, तर सोडणाराही थांबतो. आता हा ऑक्सिजन येतो कुठून? हवेतून, पाण्यात विरघळून, हळूहळू झिरपत. हवेत तो जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश तो साचलेल्या पाण्यात पसरतो. पाच फूट गढूळ पाण्याच्या तळाशी माझ्या साखळीपर्यंत तो पोचत होता, पण अगदी जेमतेम.

गुऱ्हाळावर गेलेल्यांना हे चटकन कळेल. चरकातून रस कितीही भराभर काढा, काहिलीतलं आधण आटायला जो वेळ लागायचा तो लागतोच, आणि दिवसाला किती गूळ निघणार हे ती काहीलच ठरवते. अनेक टप्प्यांच्या रासायनिक अभिक्रियेतही सगळ्यात संथ टप्प्याच्या हातात वेग असतो. बुडालेल्या लोखंडाच्या बाबतीत तो टप्पा म्हणजे ऑक्सिजनचं येणं.

गाडी बाहेर काढली आणि मी तो अडसर दूर केला. धातूवर ओलाव्याचा पातळ पापुद्रा उरला, वर मोकळी हवा. पापुद्रा इतका पातळ की ऑक्सिजन क्षणात आरपार. शिवाय पुराच्या चिखलातले क्षार त्यात होतेच, म्हणजे विजेला वाटही चांगली. लोखंडाला याहून वाईट दिवस नाहीत. कोरडं ठणठणीत असतं तर वाचलं असतं, कारण स्वच्छ लोखंडाला हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या खाली असेल तर गंज जवळपास धरत नाही. पण कोल्हापुरात ऑगस्टमध्ये 60 टक्के? सोडूनच द्या.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांत हे दुखणं रोजचं आहे. मशिनिंग झालेला चकचकीत जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला सुटा भाग, उघड्या हातानं उचलून ठेवला, की पावसाळ्यात सकाळपर्यंत त्यावर बोटांचे ठसे तांबूस उमटलेले दिसतात, रेघान् रेघ. घामातल्या मिठाची ही करामत. मीठ 75 टक्के आर्द्रतेलाच हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं, आणि त्या ठशापुरता खारट पापुद्रा तयार होतो. म्हणून जॉबला तेल लावायचं आणि हातमोजे घालायचे.

गंमत अशी की गंज जिथे दिसतो तिथेच धातू झिजलेला असतो असं नाही. केंब्रिजमध्ये युलिक इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात मिठाच्या पाण्याचा एक थेंब पोलादावर ठेवून हे दाखवलं. घरीही करता येतं. पत्र्याचा तुकडा पॉलिश पेपरनं घासा, एक थेंब ठेवा आणि तासा-दोन तासांनी बघा. थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर, मध्यभागी कमी. इलेक्ट्रॉन उचलायचं काम कडेला चालतं आणि लोखंड विरघळतं मध्यभागी. दोन्हीकडचे पदार्थ कडा आणि मध्यभाग यांच्या दरम्यान भेटतात, तिथे गंजाचं कडं उमटतं. थेंब पुसला की खड्डा मात्र कड्याच्या आत सापडतो. माझ्या गाडीच्या मडगार्डलाही भोक पडलं ते चिकटून राहिलेल्या चिखलाच्या ढेकळाखाली. उघडा भाग नुसता लाल झाला होता.

उष्णतेचा हिशेबही असाच फसवा. तापमान वाढलं की अभिक्रिया वेगानं होतात, त्याचं गणित स्वान्ते अऱ्हेनिअस यांनी 1889 मध्ये मांडलं. उघड्या भांड्यातल्या पाण्यात लोखंडही आधी जास्त जास्त गंजतं, पण साधारण 80 अंशांच्या पुढे वेग उलट उतरतो, कारण तापलेलं पाणी ऑक्सिजन धरून ठेवत नाही. बंद बॉयलरमध्ये त्याला पळायला जागा नसते, तिथे वेग चढतच राहतो. म्हणून आपल्या साखर कारखान्यांत बॉयलरला पाणी देण्याआधी त्यातला ऑक्सिजन काढून टाकतात.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. या वेळी गाडी आधीच उंचावर नेऊन लावली होती, पण पाने-पकडींची पेटी आणि आईची विळी राहिली खालीच. पाणी ओसरल्यावर सगळं धुतलं आणि पुन्हा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवलं. आई म्हणाली, "अरे, एवढ्या पुरानं समाधान झालं नाही का तुझं?" पण त्या पाण्यात मी धुण्याचा सोडा मूठभर टाकला होता. पाणी पुरेसं अल्कधर्मी असलं की लोखंडावर डोळ्याला न दिसणारा ऑक्साइडचा थर बसतो आणि विरघळणं जवळजवळ थांबतं. काँक्रीटच्या पोटातली सळई वर्षानुवर्षं टिकते ती याच कारणानं. तीन दिवसांनी सवड झाली तेव्हा एकेक पाना काढला, धुतला, स्टोव्हवर शेकून कोरडा केला, तेल लावलं. विळीला खोबरेल. बादलीत चुकून ॲल्युमिनियमचं एक झाकण गेलं होतं, ते मात्र पांढरं पडून खरबरीत झालं. ॲल्युमिनियमला सोडा चालत नाही.