गोठताना समुद्र मीठ कुठे टाकतो?

इंदूरच्या मराठी घरांतून निवृत्तीनंतर पूर्वी चारधाम व्हायचं, मग युरोप व्हायला लागलं. आता थेट अंटार्क्टिका. ब्युनोस आयर्सहून उशुआइया, तिथून बोटीने ड्रेक पॅसेज, दोन दिवस पोटातलं सगळं बाहेर, आणि मग पेंग्विन. परत आल्यावर मंडळाच्या हॉलमध्ये स्लाइड शो ठरलेलाच. अलीकडच्या अशा एका कार्यक्रमात सपाट माथ्याच्या, भिंतीसारख्या सरळ कडांच्या एका अवाढव्य हिमनगाचा फोटो आला. फोटो खरोखर सुंदर होता. खाली ओळ होती, ‘गोठलेला समुद्र’. टाळ्या पडल्या. मला मात्र खुर्चीत नीट बसवेना.

कारण हिमनग म्हणजे गोठलेला समुद्र नव्हेच. तो जमिनीवरचा माल. अंटार्क्टिकाच्या पठारावर हजारो वर्षं हिम पडत राहतं, वरच्या थरांच्या वजनाने खालचं दाबलं जाऊन घट्ट बर्फ होतं, तो बर्फ हळूहळू समुद्राकडे सरकतो आणि पाण्यावर आलेलं त्याचं टोक कधीतरी तुटतं. ए-२३ए हा गाजलेला हिमनग १९८६ साली असाच फिल्श्नर हिमपट्ट्यातून सुटला, तोही पाठीवरच्या रिकाम्या सोव्हिएत संशोधन तळासकट. मग वेडेल समुद्रात तळाला टेकून तीस वर्षांहून जास्त काळ जागचा हलला नाही. २०२० च्या आसपास निघाला, २०२५ च्या मार्चमध्ये साउथ जॉर्जिया बेटापाशी अडकला आणि नंतर त्याचे मोठमोठे तुकडे पडत गेले. या सगळ्या बर्फात समुद्राच्या मिठाचा वाटा जवळपास शून्य.

गोठलेला समुद्र ही वेगळी चीज आहे. फोटोत तो कोणाच्या नजरेत भरत नाही. बहुतेक ठिकाणी एक-दोन मीटर जाडीचा, चपटा, भेगाळलेला. पण त्याचा पसारा बघा. फेब्रुवारीच्या अखेरीला अंटार्क्टिकाभोवती साधारण ३० लाख चौरस किलोमीटर समुद्र गोठलेला असतो, सप्टेंबरात तोच आकडा १ कोटी ८० लाखांच्या घरात जातो. म्हणजे एका हिवाळ्यात साडेचार भारत मावतील एवढा नवा बर्फ. (२०२३ च्या फेब्रुवारीत तो १८ लाखांच्याही खाली गेला होता. तो नीचांक होता.)

आता इथे एक शंका हमखास येते. खारं पाणी गोठत नाही ना? गोठतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते शून्याखाली १.८ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. गंमत तापमानाच्या आकड्यात नाही, गोठण्याच्या रीतीत आहे.

शाळेत आपण शिकलो की पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. म्हणून तळ्याचं पाणी थंड होता होता ४ अंशांचं पाणी तळाशी बसतं, त्याहून थंड पाणी हलकं होऊन वर तरंगतं आणि वरच्या वर गोठतं. खाली मासे सुखरूप. समुद्राला हा नियम लागू नाही. क्षार वाढले की सर्वांत जड होण्याचं तापमान खाली सरकतं, आणि गोठणबिंदूही खाली सरकतो, पण पहिलं जरा जास्त वेगाने. किलोमागे २४.७ ग्रॅम क्षारांपाशी दोन्हींची गाठ पडते. त्याहून खारट पाणी गोठेपर्यंत जड होतच राहतं. म्हणजे ३५ ग्रॅमचा समुद्र वरून थंड झाला की ते पाणी बुडतं, खालचं वर येतं, तेही थंड होऊन बुडतं. ही घुसळण बराच खोल थर थंड होईपर्यंत चालते, आणि तेव्हा कुठे पहिले स्फटिक दिसतात. सुयांसारखे, पाण्यात भिरभिरणारे. ते गोळा झाले की पाण्यावर तेलकट तवंग आल्यासारखं वाटतं, लाटा मंद होतात, मग ताटाएवढ्या चकत्या बनतात. या चकत्या एकमेकींवर आपटून त्यांच्या कडा वर वळतात, म्हणून खलाशी त्यांना पॅनकेक म्हणतात. क्रूझवाल्यांच्या माहितीपत्रकात त्यांचा फोटो असतो, एवढंच कौतुक.

माझा जीव अडकलाय तो त्याच्या पुढच्या पायरीत. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना धरून बसतो आणि त्यातून षटकोनी जाळी तयार होते. या जाळीत सोडियमला जागा नाही, क्लोराइडलाही नाही. पाण्यात असताना मिठाच्या या आयनांना, म्हणजे विद्युतभारित कणांना, पाण्याच्या रेणूंनी सगळीकडून वेढलेलं असतं. जाळी रचायला लागल्यावर रेणू आपापल्या जागी जाऊन बसतात आणि मीठ बाहेर ढकललं जातं.

हे पाहायला दक्षिण ध्रुवाकडे जायची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये इंदुरात उसाच्या रसाच्या कुठल्याही गाडीवर गोणपाटाखाली बर्फाची लादी असते, ती नीट बघा. कडेचा बर्फ काचेसारखा स्वच्छ. मध्ये मात्र दुधी पट्टा, आणि त्यात बारीक बारीक बुडबुड्यांच्या सुया, सगळ्या आतल्या बाजूला रोखलेल्या. कारखान्यात पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे एका हौदात बुडवलेले असतात. हौदात मिठाचं पाणी असतं. ते अमोनियाच्या नळ्यांनी शून्याखाली आठ-दहा अंशांपर्यंत नेलं तरी गोठत नाही, म्हणून डब्यांभोवती फिरत राहतं. डब्यातलं पाणी चारही बाजूंनी गोठत आत येतं आणि आपल्यासमोर हवा आणि विरघळलेले क्षार ढकलत नेतं. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटी मध्यभागी उरलेलं पाणी चाखून बघा, मचूळ लागेल. बर्फ काचेसारखा पारदर्शक हवा असेल तर कारखानदार हे मधलं पाणी गोठायच्या आत ओढून काढतात आणि तिथे ताजं पाणी भरतात. गाडीवाल्याने टोच्या मारला की लादी त्या दुधी पट्ट्यावरच आधी फुटते, तेही त्यामुळेच.

समुद्रात फरक एवढाच की गोठणं फक्त वरून खाली होतं, आणि मीठ ढकलायला खाली अख्खा महासागर मोकळा आहे. पण सगळंच मीठ निसटत नाही. बर्फाचा खालचा पृष्ठभाग सपाट नसतो. पातळ पातळ पत्रे उभे लटकलेले असतात आणि त्यांच्या फटीत मिठाचं पाणी अडकतं. वरून थंडी वाढली की फटीतल्या पाण्यातलंही थोडं पाणी गोठतं, उरलेलं आणखी खारट होतं, खारट झालं म्हणून त्याचा गोठणबिंदू आणखी उतरतो, आणि ते पुन्हा द्रवच राहतं. शून्याखाली १० अंशांना या कप्प्यांतलं पाणी समुद्राच्या चौपट खारट असतं, किलोमागे १४० ग्रॅमच्या आसपास. शून्याखाली २३ अंशांच्या जवळ गेल्यावर मात्र साधं मीठही आपल्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू घेऊन घट्ट होऊ लागतं. मधल्या सगळ्या तापमानांत समुद्री बर्फ हा पूर्ण घन नसतोच. तो बर्फ आणि खारं पाणी यांचा वाटे बदलत राहणारा संसार असतो. द्रवाचा वाटा ५ टक्क्यांच्या वर असेल तर कप्पे एकमेकांना जोडले जाऊन नळ्या होतात आणि बर्फ पाणी झिरपू देतो. त्याच्या खाली गेला की नळ्या तुटतात आणि दार बंद. बर्फात किलोमागे ५ ग्रॅम क्षार असतील तर ही सीमा शून्याखाली ५ अंशांना येते. पाच, पाच, पाच. इतका सुबक नियम निसर्गात फार क्वचित सापडतो, म्हणून इथे थोडा रेंगाळलो.

उन्हाळ्यात दार उघडलं की वरचं वितळलेलं पाणी नळ्यांतून मीठ धुऊन नेतं. म्हणून उत्तर ध्रुवाकडचा काही उन्हाळे पाहिलेला समुद्री बर्फ वितळवून पिता येतो आणि तिथले लोक तो पीतही आले आहेत. नवा बर्फ मात्र तोंडात धरवत नाही.

थंड आणि खारट पाण्याची धार बर्फाखालून एकाच जागी पडायला लागली तर भोवतालचं समुद्राचं पाणी तिच्या स्पर्शाने गोठतं. धारेभोवती बर्फाची नळी तयार होते आणि ती खाली खाली वाढत जाते. २०११ साली अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली तिचं चित्रण झालं. नळी तळाला टेकली, तळावर बर्फ पसरला, आणि वाटेत आलेले तारामासे आणि समुद्री साळिंदर जागच्या जागी गोठले. व्हॉट्सअ‍ॅपवर ही चित्रफीत ‘मृत्यूचं बोट’ वगैरे मथळ्याने आणि भयाण संगीत लावून फिरते. त्यात अद्भुत काही नाही. मिठाचं पाणी शून्याखाली थंड राहतं आणि जड असतं, बस. कारखान्यातल्या हौदाचंच तत्त्व.

या सगळ्याचा मोठा हिशोब किनाऱ्यालगत होतो. अंटार्क्टिकाच्या पठारावरची थंड, जड हवा उतारावरून घरंगळत समुद्रावर येते आणि तयार झालेला बर्फ दूर लोटून देते. पाणी उघडं पडतं, लगेच गोठतं, वारा तोही बर्फ लोटतो. हिवाळाभर एकाच जागी बर्फ बनतो आणि मीठ खाली पडत राहतं. तिथलं पाणी इतकं जड होतं की उतारावरून घसरत चार-पाच किलोमीटर खोल तळाला जातं. वेडेल आणि रॉस समुद्रात हे घडतं हे बरंच आधी माहीत होतं. २०१३ मध्ये जपानी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने आणखी एक जागा नक्की झाली, पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरचं केप डार्नली. आपलं ‘भारती’ संशोधन केंद्र त्याच किनाऱ्यावर, तिथून काही शे किलोमीटर पूर्वेला आहे. या तळच्या पाण्याचा बराच वाटा हिंदी महासागरात येतो. मिसळत, वळसे घेत, शेकडो वर्षांनी त्याचा अंश अरबी समुद्राच्या तळाशीही पोचतो. वर पाणी २८ अंशांचं असताना तिथे तळाशी तापमान दोन अंशांच्या आगेमागे असतं, त्याचं कारण मुळात हे.

पृष्ठभागावरचा प्राणवायूही हेच पाणी बुडताना खाली घेऊन जातं. तो पोचला नसता तर खोल तळाला आज जे जीव आहेत, त्यातले बहुतेक तिथे नसते. समुद्र गोठला याची बातमी होते. त्याने टाकलेल्या मिठाची होत नाही, आणि माझ्या मते जास्त काम ते मीठ करतं.

स्लाइड शोनंतर एका आजींनी विचारलं, दक्षिण ही यमाची दिशा, एवढ्या दक्षिणेला जाऊन राहणाऱ्यांचं कसं होत असेल? वास्तुवाल्यांच्या सोयीसाठी सांगतो, नेमक्या दक्षिण ध्रुवावर घर बांधलं तर चारही भिंतींतलं प्रत्येक दार उत्तरेकडेच उघडेल, म्हणजे कुबेराच्या दिशेला. तिथले शास्त्रज्ञ तरीही पगारावरच जगतात.

तसंच ‘हजारो वर्षांच्या शुद्ध बर्फाचं’. ग्रीनलंडचा हिमनगाचा बर्फ दुबईच्या बारमध्ये पेयात घालून विकला जातो, आणि क्रूझवरही प्याल्यात तो तडतडतो याचं फार अप्रूप असतं. तडतड खरी आहे. हिम दाबलं जाताना अडकलेली हवा बाहेर पडते तिचा तो आवाज. त्या हवेची किंमत शास्त्रज्ञांना विचारा. अंटार्क्टिकातल्या डोम सी इथल्या बर्फातून त्यांनी आठ लाख वर्षांपूर्वीच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला. पोटात गेल्यावर मात्र ते पाणीच, आणि क्षार नाहीत म्हणून चवीलाही बेताचं. त्याच्याने शरीर ‘डिटॉक्स’ होतं म्हणणाऱ्याला आमच्या नर्मदेचं नळाचं पाणी पाजावं.

हिमनगाचा बर्फ आणि समुद्री बर्फ यांतला फरक हा पुस्तकी वाद नाही. २३ नोव्हेंबर २००७ रोजी ‘एक्सप्लोरर’ हे पर्यटक जहाज अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फाला धडकून बुडालं. बोटीवरचे सर्व १५४ जण वाचले. चौकशीत निघालं की कप्तानाला समोरचा बर्फ त्याच वर्षीचा समुद्री बर्फ वाटला होता. प्रत्यक्षात तो जमिनीवरून आलेला, फार कठीण बर्फ होता. पहिल्या वर्षीच्या समुद्री बर्फात मिठाच्या पाण्याचे कप्पे असतात, म्हणून तो पोचट असतो, वाकतो, मग मोडतो. हिमनगाच्या तुकड्यात असे कप्पे नाहीत. पाण्यातून जेमतेम डोकं काढलेला, काळपट पारदर्शक तुकडा रडारवरही धड दिसत नाही आणि पत्र्यापेक्षा हट्टी निघतो.

क्रूझ जातात नोव्हेंबर ते मार्चमध्ये. मीठ टाकण्याचा खरा कारभार चालतो मे ते सप्टेंबर, अंधारात, जेव्हा एकही पर्यटक जहाज तिकडे फिरकत नाही. त्या काळातली मोजणी बरीचशी हत्ती-सील करतात. त्यांच्या डोक्यावर चिकटवलेलं यंत्र प्रत्येक बुडीत तापमान आणि क्षार नोंदवतं आणि वर आल्यावर उपग्रहाला पाठवतं. दर वर्षी कात टाकताना ते आपोआप गळून पडतं. केप डार्नलीच्या कामातही सीलांच्या नोंदी वापरल्या आहेत.

तरी जाणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर बघावी. बोट समुद्री बर्फातून वाट काढते तेव्हा कडेचे तुकडे उलटतात. वरून पांढरे, पण खालची बाजू चहाच्या रंगाची, कधी हिरवट तपकिरी. बहुतेक जण ती घाण समजतात. ते डायटम, एकपेशीय शैवाल. मिठाच्या पाण्याच्या नळ्यांत शिरून, तिथे झिरपणाऱ्या अंधुक उजेडावर ते हिवाळा काढतात. हिवाळ्यात क्रिल हे झिंग्यासारखे जीव बर्फाच्या पोटाला लागून तेच खरवडून खातात, क्रिलवर पेंग्विन आणि देवमासे जगतात. पेंग्विनचे फोटो सगळेच आणतात. त्या उलटलेल्या तपकिरी तुकड्याचा फोटो कोणी आणलाच, तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मी पुढच्या रांगेत बसेन.