परीक्षा वर्गात आली कुठून?

शिक्षक-प्रशिक्षणात शिक्षणाचं तत्त्वज्ञान आणि मूल्यमापन हे दोन स्वतंत्र विषय असतात. सरावपाठाच्या टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, मात्र दोन्ही एकाच पानावर येतात. वर उद्दिष्टांत मुलाच्या विचारशक्तीची भाषा असते, तर खालचे प्रश्न बहुतेक वेळा त्याला काय आठवतं एवढंच तपासतात. टाचणं लिहिताना ही विसंगती मला सारखी खुपते. मला वाटतं, तिचं मूळ इतिहासात आहे. परीक्षा मुळात माणसं निवडण्यासाठी निर्माण झाली आणि शिकवण्याशी तिचा संबंध फार उशिरा जोडला गेला.

चीनमध्ये सातव्या शतकाच्या सुरुवातीपासून राज्यकारभारासाठी अधिकारी निवडायला परीक्षा होत. पुढे सोंग राजवटीत उमेदवाराचं नाव झाकलं जाई. शिवाय अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून लेखनिक प्रत्येक उत्तरपत्रिका पुन्हा लिहून काढत आणि परीक्षकाच्या हाती ती नक्कल जाई. पक्षपात टाळण्यासाठी घेतलेले हे कष्ट थक्क करणारे आहेत. पण उमेदवार कुठे अडला आणि त्याला पुढे काय शिकवावं, हा प्रश्न त्या व्यवस्थेपुढे नव्हताच. ही पद्धत १९०५ मध्ये बंद झाली.

युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत परीक्षा तोंडी असे, वादविवादाच्या रूपात. शाळांच्या बाबतीत महत्त्वाचं वळण १८४५ साली बोस्टनमध्ये आलं. अमेरिकेतले शिक्षणसुधारक होरेस मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने तिथे छापील प्रश्नांची लेखी परीक्षा घेण्यात आली. निकाल निराशाजनक लागला. मुलांनी पुस्तकातली वाक्यं पाठ केली होती, अर्थ मात्र अनेकांना कळला नव्हता. लेखी परीक्षेने शाळांची तुलना सोपी केली आणि मग ती तुलनाच परीक्षेचं मुख्य काम होऊन बसली.

गुणांवरचा विश्वास किती डळमळीत आहे, हे १९१२ मध्ये स्टार्च आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं. इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका त्यांनी अनेक शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतली. १४२ शिक्षकांनी तिला ६४ पासून ९८ पर्यंत गुण दिले. कुणी नीटनेटकेपणा आणि शुद्धलेखन पाहिलं, कुणी आशय. यावर उपाय म्हणून वस्तुनिष्ठ, बहुपर्यायी प्रश्न झपाट्याने पसरले. तपासणाऱ्यांमधला फरक त्यामुळे मिटला, पण मुलाला स्वतःच्या शब्दांत मांडायला मिळणारी जागाही आक्रसली. माझ्या मते हा सौदा महागात पडला.

तत्त्वज्ञानाचा प्रवाह याच काळात वेगळ्या वाटेने वाहत होता. रूसो, पेस्टालोझी, फ्रोबेल यांच्यापासून जॉन ड्युईपर्यंत सगळ्यांचं लक्ष मुलाच्या अनुभवावर होतं. पण वर्षअखेरीचा निकाल त्यांच्या विचाराने लागत नव्हता.

हे दोन प्रवाह जवळ आले ते १९६७ नंतर. मायकेल स्क्रिव्हन यांनी आकारिक (काम चालू असतानाच ते सुधारण्यासाठी केलेलं) आणि संकलित (शेवटी एकूण निष्कर्ष काढणारं) मूल्यमापन असा भेद मांडला. तो मुळात अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासाठी होता. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी तो विद्यार्थ्यांच्या शिकण्याला लावला. १९९८ मध्ये पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेऊन दाखवलं, की शिकतानाच मिळणारा नेमका प्रतिसाद मुलांना खरोखर पुढे नेतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो रूथ बटलर यांचा १९८८ मधला अभ्यास. काही मुलांना फक्त शेरे मिळाले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्यांची कामगिरी सुधारली. दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्यांचा तसा फायदा झाला नाही. अर्थात शेराही कामाचा हवा. ‘छान प्रयत्न’ वाचून मूल काय करणार? ‘बाष्पीभवन बरोबर समजावलंस, पण वाफेचे ढग कसे होतात ते राहिलं’ असं लिहिलं, तर त्याला उत्तर पुन्हा हाती घेता येतं. म्हणूनच काही शिक्षक वही परत देताना आधी शेरा देतात आणि दुरुस्ती झाल्यावरच गुण सांगतात. पटसंख्या मोठी असेल तर याला फार वेळ जातो, आणि तो वेळ वेळापत्रकातच धरायला हवा.